एक दिवसाचा खाडा माफ होणेबाबत

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाचे खाडे असतात, गॅसची टाकी कधी लावली ते असतं, भांड्याला येणाऱ्या बाईच्या दांड्या असतात आणि कोपऱ्यात बारीक फुल्यांमध्ये आमच्या ह्यांचा राग असतो. राग आला की फुली. दोन दिवस टिकला की फुलीभोवती गोल. ह्यांना वाटतं, ते गोल तिथीबिथीचे असतील. सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या रजा आणि गैरहजेऱ्या लिहिल्या, पण घरात आपलंही कुणी सर्व्हिस बुक ठेवतंय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ऑक्टोबरच्या चार तारखेच्या चौकटीत मी लिहिलं, ‘श्रद्धा आली.’

श्रद्धा म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी. घर सांगलीजवळच्या गावात. सांगलीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. शिरवळच्या एका कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये जागा होत्या, त्याच्या लेखी परीक्षेत पोरगी पहिल्या पाचात आली. मग मुलाखत, इंग्रजीत. तिथं ही मे महिन्यात एकदा जाऊन नुसती खुर्चीवर बसून आली होती. कंपनीनं लेखीतले मार्क बघून पुन्हा बोलावलं, पंधरा तारखेला, आणि पत्रात स्वच्छ लिहिलं की ही शेवटची वेळ. नाही जमलं तर तिच्या अतिशय नावाच्या भावाच्या खताच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं घरात ठरलं होतं. काम काही वाईट नाही. पण बेदाण्यातलं गंधक मोजून प्रोजेक्ट केलेल्या पोरीनं पुढं जन्मभर युरियाची पोती मोजायची, हे मला काही पटत नव्हतं.

तिला पोचवायला तिचे वडील तात्यासाहेब आले होते. पाणी प्यायचं सोडून आधी तेच काढलं. “भाऊसो, अकरा दिवस पोरगी तुमच्या ताब्यात. लिवायला लय झ्याक हाय, पर बोलायची येळ आली की तोंडाला कुलूप. तुमी जन्मभर सरकारी इंग्रजी लिवलंय, तेवढं कुलूप काढा.”

“अकरा कशाला, दाजी? आठ दिवस पुरे,” हे म्हणाले.

मी फुलीची जागा मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला शिकवणी सुरू. हे सोफ्यावर, समोर स्टुलावर श्रद्धा, मध्ये लाल शाईचं पेन. “हं, तुझ्या प्रोजेक्टबद्दल सांग. न घाबरता.”

श्रद्धानं तोंड उघडलं. दोन शब्द झाले. “थांब,” हे म्हणाले. पुन्हा तीन शब्द झाले. “नाही नाही, आधी तो शब्द येत नाही.” पुन्हा दोन. “उच्चार!” मी आत पालेभाजी निवडत होते. सहज हाताला पेन्सिल लागली आणि पाच तारखेच्या चौकटीत मी एकेक उभी रेघ मारत गेले. साडेपाचला तिचा आवाज बंद झाला. रेघा मोजल्या तर एक्केचाळीस.

मग श्रद्धा मोबाईल घेऊन गच्चीवर गेली. पापड काढायला मी मागोमाग गेले, तर पाण्याच्या टाकीमागून इंग्रजी येत होतं. पाण्यासारखं. मी टाकीच्या अलीकडे उभी राहिले. फोनमधली बाई काहीतरी विचारायची, ही सांगायची. चुकलं की फोन म्हणायचा, पुन्हा म्हणा. ही पुन्हा म्हणायची. बरोबर आलं की टिंग. एक वाक्य ती सहा वेळा म्हणाली. सहाव्या वेळेलाही फोनचा आवाज पहिल्या वेळेइतकाच थंड होता. त्या फोनला ना पित्त होतं, ना सहाच्या बातम्या बघायच्या होत्या.

“रोज करतेस?” मी विचारलं.

“आज चारशे बावन्नावा दिवस, मामी. सलग.”

मग तिनं सांगितलं. गेल्या चातुर्मासात गावच्या जैन बस्तीत महाराज होते. सगळे नियम घेत होते. कुणी गोड सोडलं, कुणी टीव्ही. हिनं नियम घेतला, रोज ॲपवर इंग्रजीचा एक धडा, तो झाल्याशिवाय संध्याकाळचं जेवण नाही. आता आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणजे धडा सूर्यास्ताच्या आत, जेवणही सूर्यास्ताच्या आत. “महाराजांनी विचारलं, हे कसलं व्रत? मी म्हटलं, मला दुसरं काही सोडता येत नाही, हे धरते.” चार महिने संपले, तरी फोन दिवस मोजतच राहिला, म्हणून हीही थांबली नाही. यंदा पुन्हा नियम घेतला. मी माझ्या कॅलेंडराकडे बघून स्वतःला फार शिस्तीची समजत होते. चारशे बावन्न दिवसांत एक खाडा नाही, असा दूधवाला मी अजून बघितला नाही.

ह्यांना मात्र त्या फोनचा राग. “माझ्यापुढं मुकी, आणि त्या डबड्यापुढं राघू! का? त्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?”

मी म्हटलं, “उत्तर लांबलचक आहे. जेवण झाल्यावर सांगू का?”

सहा तारखेला रेघा छप्पन झाल्या. सात तारखेला शेजारचे सुभेदार जोतिबा आले, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी म्हणजे रणगाडा. वाटेत व्याकरण आलं तर चिरडून पुढं जायचं. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी श्रद्धाला विचारलं, “बेटी, टेल मी, व्हॉट यू आर डुइंग इन लॅब?”

आणि श्रद्धा बोलली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. बेदाणे, गंधक, धुरी, सगळं मला कळेल असं हातवारे करत. सुभेदार मान हलवत होते, “व्हेरी गुड, देन?” चौथ्या वाक्याच्या मध्यावर आतून, मोजे घालता घालता ह्यांचा आवाज आला. “भूतकाळ! भूतकाळात बोल!”

श्रद्धाचे हात मांडीवर आले. सुभेदारांनी दाराकडे बघितलं. “भाऊसाहेब, पोरगी मजेत चालली होती. आपने तो बीच में फायर खोल दिया.”

“सुभेदार, चुकीचं इंग्रजी बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं.”

“मग माझं काय करता? कोर्टमार्शल?”

हे बाहेर आले ते चिडूनच. “आण तो फोन. बघू तरी काय दिवे लावतो तो.” श्रद्धानं ॲप उघडून दिलं. फोननं एक साधं वाक्य दाखवलं, मी काल बाजारात गेलो, एवढंच. ह्यांनी घसा साफ केला आणि साहेबांपुढं टिपणी वाचतात तसं वाचलं. फोन म्हणाला, पुन्हा म्हणा. ह्यांनी मोठ्यानं वाचलं. पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा एकेक शब्द खिळा ठोकावा तसा ठोकला. फोननं लाल रेघ दाखवली.

मला हसू आवरलं नाही. सुभेदारांनी मिशीत लपवलं. हे लाल झाले. “चौतीस वर्षं माझ्या मसुद्याला कुणी शाई लावली नाही! आणि हे यंत्र चार माणसांदेखत मला चूक म्हणतंय?”

श्रद्धा हळूच म्हणाली, “म्हणूनच मी टाकीमागं जाते, मामा.”

त्या वाक्यावर हे थांबतील असं मला वाटलं होतं. पण माणूस असा थांबत नाही. ह्यांनी निष्कर्ष काढला की दोष फोनचा. आठ तारखेला रेघा गेल्या त्रेसष्टवर. आणि नऊ तारखेला सकाळी ह्यांनी तो फोन आपल्या लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात टाकून पाटणला गेले. जुन्या सहकाऱ्याची वास्तुशांत होती. “संध्याकाळी येतो. आजचा दिवस तोंडानं इंग्रजी बोलायचं, बोटानं नाही.”

पाच वाजले, हे आले नाहीत. माझ्या बटणांच्या फोनवरून लावला तर ह्यांचा फोन आवाक्याबाहेर. साडेपाच. श्रद्धा अंगणात येरझाऱ्या घालत होती. सुभेदार स्वतःचा फोन घेऊन धावत आले. “यावर कर, बेटी. तुझं खातं उघड.” तिनं नंबर टाकला. ॲप म्हणालं, तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

आणि आत, लोखंडी कपाटात, टिंग झालं.

आम्ही तिघं कपाटासमोर उभे. मी पेचकस आणला. सुभेदारांनी खांदा लावून पाहिला. ते कपाट ह्यांनी कचेरीतल्या कपाटासारखंच बघून घेतलं होतं. त्यातून कधी काही वेळेवर बाहेर येणं शक्यच नव्हतं. ओटीपी पुन्हा मागवला. पुन्हा आत टिंग. कॅलेंडरात सूर्यास्त सहा सतराचा छापला होता. सहा सतराला श्रद्धानं सुभेदारांचा फोन परत दिला, म्हणाली, “राहू दे, आजोबा,” आणि ताटावर झाकण ठेवलं. मीही माझं ताट झाकलं. तिची फार मनधरणी केली नाही. नियम तिचा, मोडला आमच्या घरानं.

साडेसातला तिथल्याच कुणाच्यातरी फोनवरून ह्यांचा निरोप आला. शेवटची गाडी चुकली, मुक्काम पाटणलाच.

सकाळी दहाला हे आले, हातात प्रसादाचा डबा. मी किल्लीसाठी हात पुढं केला. श्रद्धानं फोन उघडला. चारशे पंचावन्न होते तिथं शून्य. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती शून्याकडे बघत म्हणाली, “मामा, एकदा सुद्धा नव्हता हो चुकला. परीक्षेतबी न्हाई, तापातबी न्हाई.” घरचं बोलणं आलं की समजावं, आत लागलंय.

हे वरमले. पण कारकून वरमला तरी कागदावरच वरमतो. “एवढंच ना? सेवेत खंड पडला. त्यात काय, क्षमापित करून घेता येतो. मी अशी दोनशे प्रकरणं काढलीत.” आणि खरंच, आंघोळसुद्धा न करता हे अर्ज लिहायला बसले. आधी मराठी मसुदा, मग त्याचं इंग्रजी. मसुदा अजून माझ्या डाळीच्या डब्याखाली आहे.

‘विषय: कु. श्रद्धा यांच्या सलग अध्ययनातील एक दिवसाचा खाडा माफ होणेबाबत. महोदय, सदर खाडा हा विद्यार्थिनीच्या हयगयीमुळे झालेला नसून, कपाटाची किल्ली पाटण मुक्कामी असल्याकारणाने झालेला आहे. तरी पूर्वीचे चारशे पंचावन्न दिवस हिशेबात धरून खंड नियमित करण्यात यावा, ही विनंती.’

श्रद्धाच्या फोनवरून तो ॲपवाल्यांच्या पत्त्यावर गेला. मिनिटभरात उत्तर आलं. हे उठून उभे राहिले. “बघ! तत्परता म्हणतात ती ही.” श्रद्धानं वाचून दाखवलं. तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, पासवर्ड बदलायचा असल्यास खाली दाबा.

“मूर्ख आहेत का हे? अर्ज वाचला तरी का?” हे ओरडले. “दुसरा अर्ज घे. स्मरणपत्र क्रमांक एक.”

मग मात्र मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. “हे बघा. पाच, सहा, सात, आठ तारीख. ह्या रेघा.”

“दुधाच्या?”

“तुमच्या. पोरगी बोलत असताना तुम्ही जितक्यांदा मधे तोंड घातलं, तितक्या. चार संध्याकाळी, दोनशे सात वेळा. तुमच्यापुढं सबंध वाक्य एकही झालं नाही. तो फोन निदान वाक्य संपेपर्यंत थांबतो हो.”

ह्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक चौकट मोजली, ओठ हलवत. मी वाट बघत होते, आता काय म्हणतात.

“दोनशे सात नाहीत,” हे म्हणाले. “दोनशे नऊ आहेत. बेरीज चुकली तुझी.”

पण त्या संध्याकाळपासून शिकवणीला बसताना हे तोंडात लवंग धरायला लागले. बोलायचं नाही, लवंग चावायची. श्रद्धाचा पुन्हा पहिला दिवस, दुसरा दिवस सुरू झाला. ती आता स्टुलावर बसून सबंध वाक्य म्हणायला लागली. अकरा वाक्यं होती प्रोजेक्टची, फोनवर घोटलेली. एक वाक्य म्हणायची, थांबायची, ह्यांच्या तोंडाकडे बघायची. ह्यांनी मान हलवली की पुढचं. मला ते थांबणं दिसत होतं. रेघ मारावी तर कुणाच्या नावावर, म्हणून मी मारली नाही. ती माझी चूक मी आजही कुठं लिहिलेली नाही.

पंधरा तारखेला तिघंही शिरवळला गेलो. बरोबर डबा घेतला, कारण परतीला सूर्यास्त वाटेतच होणार होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बसलो. चौदा मुलं होती. श्रद्धाला तीनला आत बोलावलं आणि ती दहा मिनिटांत बाहेर आली. साडेचारला एका माणसानं कागद बघून चार नावं वाचली. हे शेवटच्या नावानंतरही उभेच होते, पाचवं नाव राहून गेलं असेल म्हणून. त्या माणसानं कागदाची घडी घातली.

“बोललीस ना? बोललीस की नाही?” गाडीत बसल्या बसल्या ह्यांनी विचारलं.

“बोलले. समोर बाईच होत्या, चांगल्या होत्या. म्हणाल्या, प्रोजेक्ट सांग. मी पहिलं वाक्य म्हटलं. बरोबर म्हटलं, मामा.” श्रद्धा खिडकीकडे बघत होती. “आणि थांबले. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. टिंग नाही, मान नाही, काही नाही. मला कळेना, बरोबर आहे का चूक. दुसरं म्हटलं. परत थांबले. चौथ्यानंतर त्यांना वाटलं, झालं सांगून. म्हणाल्या, थँक्यू.”

“अगं, अजून सात वाक्यं होती की!”

“होती ना.”

हे खिडकीच्या दांड्यावर मूठ आपटत राहिले. “एवढी तयारी, एवढा जीव, आणि थांबलीस? कुणी सांगितलं होतं थांबायला?” मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खिशातून लवंगांची डबी काढली, बघितली, परत ठेवली. मी अतिशयला फोन लावून तेवढं कळवलं. तो म्हणाला, “बरं मामी, सोमवारपासून काउंटर तिचा.” त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूनं जमा धरते.

गाडी खंबाटकीच्या घाटात शिरली तेव्हा पावणेसहा झाले होते. श्रद्धानं फोन काढला.

“अजून?” हे म्हणाले. “अजून तेच? ज्यानं काही झालं नाही, तेच?”

“नियम आहे, मामा. सहावा दिवस आहे. आणि इथं चुकलं तरी उद्या परत विचारतात. त्या बाई परत विचारणार नाहीत.”

घाटात रेंज गेली. फोनवर चाक नुसतं फिरत होतं. डबा माझ्या मांडीवर, आणि सूर्यास्त सहा तेराचा. घाट उतरून सुरूरच्या अलीकडे रेंज आली तेव्हा सहाला पाच कमी होती. फोनमधली बाई म्हणाली, तुमचा आजचा दिवस कसा गेला ते सांगा. श्रद्धा ओठांतल्या ओठांत बोलली. फोन म्हणाला, ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणा. एस.टी.च्या काचा अशा वाजत होत्या की शेजारचा खोकलाही ऐकू येत नव्हता. ती जरा मोठ्यानं बोलली. पुन्हा म्हणा. इथं टाकी नव्हती मागं जायला. पंचेचाळीस माणसं, शिवाय कंडक्टर.

मग ती ओरडूनच बोलली, इंग्रजीत. मला सगळं कळलं नाही, पण शिरवळ कळलं, बेदाणे कळले, त्या बाई कळल्या, आणि ‘मामा’ दोनदा आलं. आवाज गाडीच्या वर काढायचा म्हणून तिला थांबताच येईना. थांबली की फोन समजायचा संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या सीटवरचा फेटेवाला मागं वळून बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, “काय झालं रं, भांडण हाय का?” दुसरा म्हणाला, “न्हाई गड्या, विंग्रजी हाय.” ती बोलतच होती. सवयीनं मी बोटांच्या पेरांवर वाक्यं मोजत होते. आणि ह्यांचे ओठ हलत होते. चुका कुठं होत्या ते मला ह्यांच्या ओठांवरून कळत होतं. पण आवाज बाहेर आला नाही, आणि तोंडात लवंगही नव्हती.

टिंग झालं. सहा वाजून दोन मिनिटं. मी डबा उघडला. श्रद्धानं पहिला घास तोडला.

“तीन तासांपूर्वी एवढं बोलायला काय झालं होतं?” हे म्हणाले, पण रागानं नाही, रडकुंडीला आल्यासारखं.

घरी आल्यावर मी पंधरा तारखेच्या चौकटीत लिहिलं, ‘न थांबता वाक्यं, सतरा.’ चष्मा लावून ह्यांनी वाचलं.

“सतरा नाहीत,” हे म्हणाले. “एकोणीस.”